घरगुती वातानुकूलन यंत्राच्या खर्चाचे अंदाजपत्रक

इयत्ता सातवी. विषय : व्यावहारिक अंकगणित. वेळ : तीन तासिका.

प्रास्ताविक

अंकगणित हा विषय पुष्कळ मुलांना रुक्ष वाटतो. याचे एक कारण असे की, उदाहरणांतील हौद, नळ आणि आगगाड्या यांचा त्यांच्या घराशी काहीच संबंध नसतो. परंतु घरातील वडील माणसे एखाद्या मोठ्या खरेदीचा विचार करीत बसतात, तेव्हा हेच अंकगणित त्या कुटुंबाचे पुढील वर्ष सुखाचे की ओढाताणीचे, हे ठरवीत असते. प्रस्तुत पाठासाठी अशीच एक खरेदी निवडली आहे.

चंद्रपूर, नागपूर या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जाणे नवीन नाही. वातानुकूलन यंत्र, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातला एसी, ही पूर्वी केवळ श्रीमंतीची खूण मानली जाई. आता मध्यम उत्पन्नाच्या घरांतूनही ते घेण्याचा विचार होऊ लागला आहे. आणि ज्या घरात वृद्ध माणूस, तान्हे मूल किंवा हृदयविकाराचा रुग्ण आहे, तेथे ती चैन न राहता गरजही असू शकते. मात्र ही खरेदी बहुधा दुकानातील किमतीची चिठ्ठी पाहून ठरते. यंत्र भिंतीवर चढेपर्यंत खर्च जवळजवळ दीडपट होतो, पुढे विजेचे बिल येते, आणि हप्ता सुरू झालेला असतोच. हे सारे जून महिन्याच्या तोंडाशी, शाळेचा व शेतीचा खर्च डोक्यावर असताना, एकत्र येते. मग कात्री लागते ती दुधाला किंवा मुलांच्या शिक्षणाला. यास्तव खर्चाचा पूर्ण हिशेब खरेदीच्या आधी कसा मांडावा, हे मुलांस शिकविणे अगत्याचे आहे.

पाठाचे उद्दिष्ट व पूर्वतयारी

पाठाअंती विद्यार्थ्यांस (१) वस्तूची किंमत व वस्तूचा एकूण खर्च यांतील भेद सांगता यावा. (२) शेकडेवारी, सरळव्याज व सरासरी यांचा उपयोग करून अंदाजपत्रक तयार करता यावे. (३) दोन पर्यायांची तुलना करून सकारण मत देता यावे.

शिक्षकांनी एक विजेचे बिल, मोजपट्टी व फळ्यावर आखलेला कोरा तक्ता एवढे साहित्य तयार ठेवावे. पुढे दिलेले दर पाठाच्या सोयीसाठी गृहीत धरलेले आहेत. ज्या गावी पाठ द्यावयाचा, तेथील दुकानदार व वायरमन यांजकडून चालू दर विचारून ते घालावेत. आकडे बदलतील, रीत बदलणार नाही.

विषयप्रवेश : 'टन' म्हणजे काय?

प्रथम वर्गास विचारावे, "दीड टनाचा एसी, असे म्हणतात. त्या यंत्राचे वजन दीड टन असते काय?" बहुतेक मुले गोंधळतात. मग पुढील खुलासा करावा.

शीतयंत्रे निघण्यापूर्वी थंडाव्यासाठी बर्फ वापरीत. २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता बाहेर टाकण्याची शक्ती म्हणजे एक टन. विजेच्या परिमाणात ही शक्ती सुमारे ३.५ किलोवॅट भरते. म्हणून दीड टनाचे यंत्र खोलीतून सुमारे ५.२५ किलोवॅट उष्णता बाहेर काढू शकते. यंत्र उष्णता निर्माण करण्याऐवजी ती केवळ आतून बाहेर वाहून नेते. त्यामुळे त्याला लागणारी वीज या आकड्यापेक्षा पुष्कळ कमी, पूर्ण भारावर साधारण दीड किलोवॅटच्या आसपास असते.

किती टनाचे यंत्र घ्यावे, हे खोलीच्या क्षेत्रफळावर व तिला लागणाऱ्या उन्हावर अवलंबून असते. १५ फूट लांब व १० फूट रुंद खोलीचे क्षेत्रफळ १५० चौरस फूट. ती खालच्या मजल्यावर व सावलीत असल्यास एक टन बहुधा पुरतो. तीच खोली तापणाऱ्या स्लॅबखाली व पश्चिमेच्या भिंतीची असल्यास दीड टन लागतो. यावरून स्लॅबला चुना लावणे व खिडकीवर छज्जा बांधणे हीसुद्धा काटकसरीचीच कामे आहेत, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

पहिला तक्ता : यंत्र बसेपर्यंतचा खर्च

आपल्या उदाहरणातील कुटुंब चंद्रपूर शहरात वरच्या मजल्यावर राहते. मासिक उत्पन्न २४,००० रुपये. त्यांनी दीड टनाचे, तीन तारांचे यंत्र पसंत केले आहे.

यंत्राची करापूर्वीची किंमत ३०,००० रुपये. त्यावर वस्तू व सेवा कर शेकडा १८ प्रमाणे ५,४०० रुपये. एकूण ३५,४०० रुपये. (हा कर पूर्वी शेकडा २८ होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला. पूर्वीच्या दराने कर ८,४०० रुपये झाला असता. म्हणजे ३,००० रुपयांचा फरक पडला. हे गणित मुलांकडून करवून घ्यावे.)

आता बसविण्याचा खर्च एकेक बाब विचारून फळ्यावर लिहावा :

वाहतूक व हमाली : ६०० रुपये
बसविण्याची मजुरी : १,५०० रुपये
बाहेरच्या भागासाठी लोखंडी स्टँड : ९०० रुपये
जादा तांब्याची नळी, ४ मीटर, दर ८०० : ३,२०० रुपये
भिंतीस भोक पाडणे : ६०० रुपये
पाण्याच्या निचऱ्याची नळी, ५ मीटर, दर ६० : ३०० रुपये
स्वतंत्र वायर, १६ अँपिअरचा सॉकेट, एमसीबी व मजुरी : ३,५०० रुपये
अर्थिंग : २,००० रुपये
स्टॅबिलायझर : २,४०० रुपये
बेरीज : १५,००० रुपये
आकस्मिक खर्च, वरील बेरजेवर शेकडा १० : १,५०० रुपये

एकूण : ३५,४०० + १५,००० + १,५०० = ५१,९०० रुपये.

दुकानातील किमतीपेक्षा १६,५०० रुपये जास्त; म्हणजे किमतीच्या शेकडा सुमारे ४७. पुष्कळ घरांत हीच रक्कम हिशेबातून निसटते.

काही बाबींचे कारण सांगणे आवश्यक आहे. यंत्राचे दोन भाग असतात. एक खोलीत व दुसरा बाहेर. त्यांना जोडणारी तांब्याची नळी यंत्राबरोबर पुष्कळदा सुमारे ३ मीटरच मिळते. येथे बाहेरचा भाग गच्चीवर ७ मीटर अंतरावर ठेवला, म्हणून ४ मीटर नळी जादा लागली. तो भाग भिंतीजवळच बसविता आला, तर हा खर्च वाचतो व थंडावाही वाया जात नाही. काही यंत्रांत विजेचा दाब कमीजास्त झाल्यास तो सोसण्याची सोय आतच असते. तेथे स्टॅबिलायझर वेगळा घ्यावा लागत नाही. यंत्राबरोबरचे पत्रक वाचून हे ठरवावे.

वायर व अर्थिंग या बाबींत मात्र काटकसर करू नये. यंत्र पूर्ण भारावर १,६०० वॅट वीज घेते असे धरा. घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट. १,६०० भागिले २३० म्हणजे सुमारे ७ अँपिअर. पंख्या-दिव्यांचा साधा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. तेथे हे यंत्र जोडले तर वायर तापते व आगीचा धोका संभवतो. एका भागाकाराने घर वाचू शकते, हे मुलांना सांगावे. त्याचप्रमाणे विजेच्या बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो, तोही दाखवावा. यंत्रामुळे घराचा भार त्याहून जास्त होत असल्यास वीज कंपनीकडे आधी अर्ज करावा लागतो.

दुसरा तक्ता : विजेचा खर्च

१,००० वॅटचे उपकरण एक तास चालले, म्हणजे १ युनिट वीज खर्च होते. विजेचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. पाठापुरते असे धरू की, महिन्याच्या पहिल्या १०० युनिटांस ५ रुपये व त्यापुढील ३०० पर्यंतच्या युनिटांस १२ रुपये दर आहे.

या कुटुंबाचा नेहमीचा वापर ९० युनिट; बिल ४५० रुपये. यंत्र उन्हाळ्याचे चार महिने, म्हणजे १२० दिवस, रोज ८ तास चालते व महिन्याला १५० युनिट वीज घेते. मुलांना उत्तराचा अंदाज विचारावा. बहुतेक मुले १५० गुणिले ५, म्हणजे ७५० रुपये बिल वाढेल, असे सांगतील. खरा हिशेब असा :

नवा वापर : ९० + १५० = २४० युनिट
पहिली १०० युनिटे, दर ५ : ५०० रुपये
पुढील १४० युनिटे, दर १२ : १,६८० रुपये
नवे बिल : २,१८० रुपये
वाढ : २,१८० − ४५० = १,७३० रुपये

अपेक्षेच्या दुपटीहून जास्त वाढ झाली. कारण यंत्राने घेतलेली बहुतेक वीज वरच्या, महाग टप्प्यात पडते. नव्या खर्चास जुना दर लावू नये, हा या तक्त्याचा बोध होय. चार महिन्यांची वाढ ६,९२० रुपये. वर्षातून दोनदा सफाई-देखभाल, प्रत्येकी ६०० रुपये, मिळून १,२००. म्हणजे वर्षाचा चालू खर्च ८,१२० रुपये.

यंत्र सात वर्षे चालेल असे धरले, तर चालू खर्च ५६,८४० रुपये. त्यात आरंभीचे ५१,९०० मिळविले असता १,०८,७४० रुपये होतात. दुकानातील चिठ्ठीवर ३५,४०० हा आकडा होता. प्रत्यक्ष खर्च त्याच्या तिपटीहून अधिक निघाला.

वापरातील काटकसरही येथेच सांगावी. १ जानेवारी २०२० पासून घरगुती वातानुकूलन यंत्रे सुरू करताच २४ अंशांवर चालतील अशी योजना असावी, असे केंद्र शासनाने ठरविले. तापमान एक अंशाने वर ठेवल्यास शेकडा सुमारे ६ वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. २४ अंशांवर यंत्र व जोडीला पंखा, हा काटकसरीचा उपाय होय.

तारांची निवड

यंत्रावरील चिठ्ठीवर एक ते पाच तारे व वर्षाला लागणारी युनिटे छापलेली असतात. ही युनिटे वर्षाला १,६०० तास वापर धरून काढलेली असतात. आपल्या घरी यंत्र किती तास चालणार, हे पाहून ती कमी-जास्त करून घ्यावी लागतात.

समजा, तीन तारांच्या यंत्रावर १,००० युनिट व पाच तारांच्या यंत्रावर ७६० युनिट लिहिले आहेत. पाच तारांच्या यंत्राची किंमत करासह ४२,४८० रुपये. म्हणजे ७,०८० रुपये जास्त. आपल्या कुटुंबाचा वापर १२० गुणिले ८, म्हणजे ९६० तास; १,६०० तासांच्या तीन-पंचमांश. म्हणून एका यंत्रास ६०० व दुसऱ्यास ४५६ युनिट लागतील. बचत १४४ युनिट; १२ रुपये दराने वर्षाला १,७२८ रुपये. ७,०८० भागिले १,७२८ म्हणजे सुमारे ४.१. जादा दिलेली रक्कम चार वर्षांहून थोड्या अधिक काळात वसूल होते. येथे पाच तारे घेणे शहाणपणाचे.

परंतु ज्या घरी वर्षातून ४० रात्री व तेही ६ तासच यंत्र चालते, तेथे वापर २४० तास, बचत ३६ युनिट, म्हणजे ४३२ रुपये. जादा रक्कम वसूल व्हावयास १६ वर्षांहून अधिक काळ लागेल. तोवर यंत्रच टिकण्याचा भरवसा नाही. तात्पर्य, वस्तू चांगली एवढ्यावरून ती आपल्यास फायद्याची ठरत नाही. वापर किती, हे आधी मोजावे.

हप्त्यांचा हिशेब

कुटुंबाजवळ शिल्लक १५,९०० रुपये आहे. उरलेले ३६,००० रुपये वर्षाच्या मुदतीने, शेकडा १४ दराच्या सरळव्याजाने घेतले. व्याज ५,०४०. एकूण परतफेड ४१,०४०. बारा सारखे हप्ते. प्रत्येकी ३,४२० रुपये.

येथे एक सूक्ष्म गोष्ट उलगडून दाखवावी. दर महिन्याला मुद्दलापैकी ३,००० रुपये फिटत जातात. पहिल्या महिन्यात ३६,००० वापरावयास मिळतात, दुसऱ्यात ३३,०००, आणि शेवटच्या महिन्यात केवळ ३,०००. बारा महिन्यांची सरासरी काढली तर ती १९,५०० येते. म्हणजे वर्षभर सरासरी १९,५०० रुपये वापरून व्याज ५,०४० दिले. हा दर शेकडा सुमारे २६ पडला. सांगितला १४, पडला २६. कोणीही खोटे बोलले नाही. केवळ सबंध मुद्दलावर व्याज आकारले. "व्याज फिटत गेलेल्या मुद्दलावर की सबंध मुद्दलावर?" हा प्रश्न विचारावयास विद्यार्थ्यांनी शिकले पाहिजे. बिनव्याजी हप्ते म्हटले असतील, तेथे "रोख घेतल्यास किंमत किती?" व "हप्त्यासाठी वेगळी फी किती?" हे दोन प्रश्न विचारावेत.

उन्हाळ्याच्या महिन्यांत हप्ता ३,४२० व वाढलेले बिल १,७३०, मिळून ५,१५० रुपये. २४,००० रुपयांच्या उत्पन्नाचा हा पाचव्या हिश्शाहून अधिक भाग आहे. कुटुंबास तो झेपेल काय, हा प्रश्न फळ्यावर तसाच ठेवून वर्गास विचार करू द्यावा.

तुलना

विदर्भातील उन्हाळा कोरडा असतो. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने बाष्प होते व त्या क्रियेत हवा थंडावते. वाळ्याच्या ताट्यांमागील तत्त्व हेच व कूलरचेही हेच. समजा, कूलरची किंमत ९,००० रुपये. २०० वॅटचा कूलर रोज ८ तास चालला, तर महिन्याला ४८ युनिट लागतात. वापर १३८ युनिट, बिल ९५६, वाढ ५०६ रुपये. चार महिन्यांची २,०२४. दरसाल गवताच्या ताट्या बदलावयास ४०० रुपये. सात वर्षांचा चालू खर्च १६,९६८ व किमतीसह २५,९६८ रुपये. वातानुकूलन यंत्राच्या मानाने ८२,७७२ रुपये कमी.

मात्र तुलना प्रामाणिक असावी. कूलरला रोज पाणी लागते, आणि ज्या वस्तीत पाणी टँकरने येते तेथे ही मोठी अडचण आहे. पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की कूलरचा प्रभाव कमी होतो. कोकणासारख्या दमट प्रदेशात तो फारसा कामास येत नाही. त्याचे पाणी वेळेवर न बदलल्यास डास होतात.

तिसरा पर्यायही मांडावा. हप्त्याचे ३,४२० रुपये दरमहा बाजूस टाकले, तर ११ महिन्यांत ३७,६२० जमतात व यंत्र रोखीने घेता येते. व्याजाचे ५,०४० रुपये वाचतात. त्यासाठी एक उन्हाळा कूलरवर काढावा लागतो. निरोगी कुटुंबास हे सहज जमेल. पण घरात उष्णतेने जिवास धोका असलेला रुग्ण असेल, तर ते व्याज देणेच योग्य ठरेल. अंकगणित प्रत्येक पर्यायाची किंमत सांगते; निवड माणसाने गरज पाहून करावयाची असते.

निष्कर्ष

विद्यार्थ्यांच्या तोंडून पुढील नियम काढून घ्यावेत :

१. किंमत, बसविण्याचा खर्च, चालू खर्च व कर्जाचे व्याज हे चारही मिळून वस्तूचा खर्च होतो.
२. नव्या विजेस वरच्या टप्प्याचा दर लावावा.
३. जादा किंमत किती वर्षांत वसूल होईल, हे भागाकाराने पाहावे.
४. सुरक्षिततेच्या बाबी अंदाजपत्रकातून कधीही गाळू नयेत.
५. सर्वांत कठीण महिन्याचा बोजा वेगळा काढून पाहावा.

गृहपाठ

१. पहिल्या तक्त्यात जादा नळी ४ ऐवजी २ मीटर लागली, तर एकूण खर्च किती? (उत्तर : ५०,१४० रुपये)
२. एका घराचा वापर ६० युनिट आहे. यंत्रामुळे तो १५० युनिटांनी वाढला. बिलात वाढ किती? (उत्तर : १,५२० रुपये)
३. २४,००० रुपये, शेकडा १२ सरळव्याज, एक वर्ष, बारा सारखे हप्ते. हप्ता किती? (उत्तर : २,२४० रुपये)
४. शिलाई यंत्र, पाण्याचा पंप किंवा सायकल यांपैकी एका वस्तूचे तीन वर्षांचे अंदाजपत्रक घरातील वडील माणसांस विचारून तयार करा.

शिक्षकांस सूचना

कोणाच्या घरी वातानुकूलन यंत्र आहे, असा प्रश्न वर्गात विचारू नये. पुष्कळ मुलांच्या घरी कूलरही नसतो व काहींच्या घरी एकच पंखा असतो. म्हणून उदाहरणातील कुटुंब सर्व वर्गाचे समजावे व सर्वांनी मिळून त्याचा हिशेब सोडवावा. घरच्या उत्पन्नाचे आकडे वहीत लिहून आणावयास सांगू नये. चौथ्या प्रश्नात वस्तूची निवड मुलांवर सोपवावी. ज्याच्या घरी सायकलीचा विचार चालला असेल, तो सायकलीचाच हिशेब अधिक आस्थेने करील. मुलाने घरी नेलेला असा एक कागद वडील माणसांनी दुकानात जाण्यापूर्वी वाचला, तर पाठाचा हेतू सफळ झाला असे समजावे.